उपटलेल्या रोपाचा दिवस

मार्गशीर्ष लागला की आमच्या शिवारात कांद्याच्या कोवळ्या पातीचा वास सुटतो. साठवणीच्या चाळीतल्या पिकल्या कांद्याचा वास उग्र असतो. हा वास हिरवा, ओला आणि किंचित तिखट आहे. रोप उपटले, मुठीत धरून विळ्याने त्याचे शेंडे छाटले, की तो हवेत येतो आणि थंडीमुळे जमिनीलगतच रेंगाळतो. सकाळी ओतूरच्या रस्त्याने फिरून परतताना तो मला ओढ्यापासून घरापर्यंत लागतो. या वासाने माणसाने प्रसन्न व्हावे, अशी अपेक्षा असते. गेल्या वर्षापासून मला या वासाने राग येतो.

त्या रागाला परवा नवे निमित्त मिळाले. फोनवर निरोप आला. “नमस्कार सर. आमच्या इंटर्न्सचे निवासी शिबिर यंदाही आपल्याकडे घेण्याचा मानस आहे. मागच्या वर्षीचा कांदालागवडीचा उपक्रम सर्वांना फार भावला. तो यंदाही ठेवू. दीड तास पुरेल.”

चष्मा पुसून मी तो पुन्हा वाचला. शेवटचे वाक्य तेच होते.

वेळापत्रकाशी माझे वैर नाही, हे आधी सांगितले पाहिजे. उभी हयात मी कालवा निरीक्षक म्हणून पाण्याच्या पाळ्या लावण्यात घालवली. कोणाच्या शेतात पाणी केव्हा चढवायचे आणि कालव्याचे दार केव्हा पाडायचे, हे ठरवणे आणि ठरल्याप्रमाणे घडवून आणणे, एवढेच माझे काम होते. त्यापायी शिव्या खाल्ल्या. एका आमदाराच्या मेहुण्याने मला पाटात ढकलले. पाळी मात्र मोडू दिली नाही. तरुणांनी मनाला येईल तसे, वारा नेईल तिकडे जावे, असे म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. आखीव कार्यक्रमात माणसाची अब्रू राहते, असे मी आजही मानतो. आणि म्हणूनच मला राग येतो. ज्याला आखणीची किंमत कळत नाही, त्याने केलेला घोटाळा मी सोडून देईन. ज्याला ती कळते, त्याला कसा सोडू?

ईशान गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रथम माझ्या ओसरीवर आला. पुण्यातल्या एका विद्यार्थी गटाचा तो प्रमुख. हा गट गावोगावी पाहण्या करतो, प्रदर्शने भरवतो, आणि त्याचे बरेचसे काम इंटर्न म्हणवणारी धाकटी मुले करतात. माझी नात त्याच्या ओळखीची. तिने माझ्या रिकाम्या घराबद्दल त्याला सांगितले होते. मुलगा नीट होता. चपला पायरीखाली काढल्या. चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. अशा मुलावर चटकन रागावता येत नाही. माझा राग सावकाश आला, आणि म्हणूनच मुक्कामाला राहिला.

“इंटर्न म्हणजे कोण?” मी विचारले.

“शिकाऊ सहकारी, सर. सहा महिने आमच्याबरोबर काम करतात.”

“त्यांना काय मिळते?”

“अनुभव. आणि शेवटी प्रमाणपत्र.”

“मग हे शिबिर कशाला?”

तो खोटे बोलणारा नव्हता. “दमलेत सगळे. काही जण सोडून जायच्या विचारात आहेत. दोन दिवस एकत्र राहिले, तर गट आपला वाटेल त्यांना.”

म्हणजे सहा महिने फुकट राबवलेल्या मुलांना दोन दिवस खेळवायचे आणि पुन्हा जुंपायचे. बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी घालतात, तसे. हे मी बोललो नाही. घर देतो म्हणालो.

त्याने लॅपटॉप उघडला. रंगीत चौकटींचा तक्ता होता. उठण्यापासून निजेपर्यंत प्रत्येक चौकटीत काहीतरी होते. ओळख करून घेण्याचे खेळ, गटचर्चा, मौन, शेकोटी, मनोगते. कोणत्या सत्रानंतर मुले कंटाळतील आणि तिथे कोणता खेळ टाकायचा, याचाही विचार केलेला होता. तक्ता उत्तम होता, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. मी त्याला एकच सूचना केली.

“कालव्यावर आम्ही पाळी शेपटाकडून लावत असू. सगळ्यांत शेवटी ज्याचे शेत, त्याचे भरणे आधी ठरवायचे. तोंडाशी बसलेल्याला पाणी मिळतेच. तुमच्या या कार्यक्रमात शेपटाला कोण आहे, ते बघा आणि तिथून मागे या.”

“वा! ‘शेपटाकडून तोंडाकडे’,” असे म्हणत त्याने ते टिपून घेतले. पुढे शिबिराच्या पहिल्या सकाळी मी ते शब्द माझ्याच भिंतीवर, रंगीत कागदावर, फुलांच्या नक्षीत चिकटवलेले पाहिले.

तक्त्यातली एक चौकट रिकामी होती. मातीशी नाते सांगणारे काही तरी तिथे हवे आहे, असे तो म्हणाला. मी त्याला माझ्या बांधाला लागून असलेल्या सिंधूबाईच्या वावरात नेले.

सिंधूबाईचा नवरा टेम्पोवर असतो. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेतो. घरी कधी असतो, कधी नसतो. मुलगी सासरी. वावर एकटीचे आणि हातही एकटीचे. अशा बाईची शेती सावडीवर चालते. सावड म्हणजे दिवसाची उलाढाल. आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्या. त्यात पैसा फिरत नाही, दिवस फिरतो. कोणाचा दिवस कोणावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी लिहीत नाही. सिंधूबाईच्या सावडीत राजुरीकडच्या वस्तीवरच्या बाया होत्या. द्वारकाबाई त्यांची म्होरकी. जीभ तिखट, हात पाण्यासारखा चालणारा.

ईशान बांधावर उभा राहिला. भिजवलेले वाफे, हिरवेगार रोप, पलीकडे उसाचा फड, त्यामागे डोंगर. त्याचे डोळे भरून आले असावेत. तो उत्साहाने म्हणाला, “मावशी, आमची सगळी मुलं येतील. तुमची सगळी लागवड करून टाकतील!”

सिंधूबाईने हातातले खुरपे खाली ठेवले. “समदी?”

“सगळी!”

तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत तिने मान हलवली. घरी परतताना मी ईशानला बजावले, “तुम्ही तिला शब्द दिलात. रोप एकदा उपटले की दिवस आपला राहत नाही. त्याच दिवशी ते चिखलात गेले पाहिजे. वाफा पुरा झाल्याशिवाय उठता येत नाही. जमणार नसेल तर आत्ता मागे फिरा आणि तिला सांगा.”

“नक्की जमेल, सर.” तेही त्याने टिपून घेतले.

त्या संध्याकाळी सिंधूबाई द्वारकाबाईच्या दारात गेली आणि म्हणाली, शनिवारी येऊ नका, माझ्याकडं पुण्याची पोरं येनार हायेत. तुमी तुमचं उरका. बायांचा दिवस वाचवून आपण उपकार करतो आहोत, असे तिला वाटले. शब्दावर विसंबण्याची ही चूक आमच्या शिवारातलीच माणसे करू शकतात. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही हेच केले असते.

मार्गशीर्षातली सकाळ फार देखणी असते, हे मला रागातही मान्य करावे लागते. धुके ओढ्यावरून उठते आणि उसाच्या तुऱ्यांत अडकते. दव इतके की पायजम्याचे टोक घोट्यापर्यंत भिजते. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. मोटर सुरू झाली की पाइपाच्या तोंडाशी पाणी आधी खोकते, मग सुटते. गार हवेत विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वाफ्यावरून वाफ निघताना दिसते. सिंधूबाई उजाडून दिसू लागताच रोपावर बसली होती. उपटायचे, माती झटकायची, जुडी बांधायची, शेंडे छाटायचे, ओल्या गोणपाटाखाली सारायचे. मी दात घासायला बाहेर आलो तेव्हा गोणपाटाखाली हिरवा ढीग झाला होता. तिने साऱ्या वावराला पुरेल इतके रोप उपटले होते.

मुले ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आली, कारण त्यांना आधी अंगणात एक खेळ होता. आली ती गलका करत. चिखलात पाय घालताना किंचाळली. एकाच्या हातात कॅमेरा होता. तो सिंधूबाईला म्हणाला, “मावशी, जरा हसा ना.” ती हसली. मग सगळी ओळीने बसली आणि लावू लागली. कोणी रोप आडवे लावले, कोणी मुळे वर ठेवली, कोणी एकाच जागी तीन. सिंधूबाई त्यांच्यामागून गुडघ्यांवर सरकत एकेक नीट करत गेली.  फक्त एक मुलगी ओळीच्या टोकाला बसली होती, जिचे लावलेले पुन्हा लावावे लागत नव्हते. अंगठ्याने रोप दाबण्याची रीत तिला कोणी शिकवली नव्हती, म्हणजे ती शिकून आली होती. तिचे नाव काजल, हे मला नंतर कळले.

आणि मग शिटी वाजली.

“चला मंडळी, वेळ संपली! सगळ्यांनी मावशींसाठी टाळ्या!”

टाळ्या झाल्या. “थँक यू, मावशी!” झाले. एक सामूहिक फोटो झाला. मुले पाटाच्या पाण्यात पाय धुऊन, एकमेकांवर पाणी उडवत, माझ्या घराकडे निघून गेली. दोन वाफे लावून झाले होते. बाकीचे वावर भिजलेले, मोकळे आणि आरशासारखे चकचकत होते. सिंधूबाई हात पुढे धरून उभी होती, कारण हात चिखलाचे होते.

“चहा पिऊन येत्यात का, आबा?” तिने मला विचारले.

आयुष्यात मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले आहेत. तहसीलदारांनी, वकिलांनी, रात्री-बेरात्री पाण्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या माणसांनी. या प्रश्नाचे उत्तर मात्र ईशानने द्यायचे होते. मी सरळ घरी गेलो. ईशान फळ्यापाशी उभा राहून पुढच्या सत्राची तयारी करत होता.

“तिचे रोप उपटलेले आहे,” मी म्हणालो.

“हो सर, मी पाहिलं. पण आता बाहेरून वक्ते आलेत. त्यांचा वेळ घेतलाय.”

“आणि तिचा?”

तो ओशाळला. खरोखर ओशाळला. “सर, एक सत्र हललं की पुढची सगळी हलतात.”

हे वाक्य मी ओळखत होतो. कालव्यावर मी ते कित्येकांना ऐकवले आहे. पण मी ते ऐकवत असे ते तोंडाशी बसून पाणी ओढणाऱ्याला. शेपटाच्या माणसाला मी ते कधी ऐकवले नाही.

दुपारी सिंधूबाई द्वारकाबाईच्या वावरात गेली. तिने मोकळ्या सोडलेल्या सावडीच्या बाया तिथे लागवडीला बसल्या होत्या. मीही मागोमाग गेलो, कारण ती एकटी जाऊ नये असे वाटले. द्वारकाबाईने मान वर केली नाही.

“आता गं कुठं? आमी हितं बसलोय. तुला पुण्याची पोरं हायेत की.”

“गेली ती.”

“गेली? मंग फोटूवाला तरी ठिवून घ्यायचा व्हता. त्यानं लावलं असतं.”

बाया हसल्या. सिंधूबाईही ओठ दाबून हसली. तिथे दुसरे काही करण्यासारखे नव्हते. उठून तिच्याबरोबर एकही आली नाही, आणि ते बरोबरच होते. त्यांचेही रोप उपटलेले होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, तो मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला.

घरी ओसरीवर मुले गोल करून बसली होती. विषय होता, ‘आपण समाजाला काय परत देतो’. मी दाराशी उभा राहिलो. वक्ते बोलत होते. बोलणे चांगले होते. टोकाला बसलेल्या काजलने हात वर केला.

“बाहेर रोप वाळतंय,” ती म्हणाली.

 ईशानने मान डोलावली. “महत्त्वाचा मुद्दा आहे, काजल. आपण तो पार्किंग लॉटवर लावू या.”

हा पार्किंग लॉट म्हणजे भिंतीवर लावलेला एक मोठा कागद होता. जो प्रश्न कार्यक्रमात बसत नाही, तो चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा आणि वेळ उरल्यास शेवटी घ्यायचा, अशी पद्धत. त्याने पिवळ्या चिठ्ठीवर ‘रोप’ असे लिहिले आणि चिकटवले. माझ्या घराच्या भिंतीवर. बाहेर ऊन तापत होते आणि आत ‘रोप’ सावलीत चिकटवून ठेवले होते. 

काजल उठली. तिने ओढणी कमरेला गुंडाळली आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. तिच्यामागे आणखी दोघे अर्धवट उठले, एकमेकांकडे पाहून पुन्हा बसले. मी काजलच्या मागे गेलो. या वयात माझ्याकडून वाकून लावणी होत नाही. मी जुड्या उचलून वाफ्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवत राहिलो.

दोघींचे हात दुपारभर चालले.  एकदा सिंधूबाईने विचारले, “कुनाकडं शिकलीस गं?”

“आईबरोबर जायचे. घोडेगावला. लोकांच्यात.”

“तुमचं वावर न्हाई?”

“आहे.” तिने पुढचे रोप दाबले. “डिंभ्याच्या पाण्याखाली. आंबेगावचंच आमचं. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडं पडतं. आजोबा अजून जातात. गाळात काही तरी पेरून येतात.”

डिंभ्याच्या कालव्यावर माझी काही वर्षे गेली आहेत. त्या धरणातले पाणी किती उतरले, हे मी रोज सकाळी आकड्यात वाचत असे. त्याखाली कोणाचे वावर उघडे पडत असेल, हा विचार आकड्यात येत नसे. मी जुडी ठेवली आणि दुसरी आणायला गेलो.

दिवस कलला तसे थांबावे लागले. उसात बिबट्या असतो. तिन्हीसांजेला वाकून काम आमच्याकडे कोणी करत नाही, कारण वाकलेले माणूस त्याला जनावर वाटते. उरलेले रोप पुन्हा गोणपाटाखाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे निरोपाचे सत्र होते. त्यात सर्वांनी हात धरून डोळे मिटले. त्याच वेळी सिंधूबाई पिवळ्या पडलेल्या जुड्यांतून त्यातल्या त्यात बरे रोप निवडत होती. जाता जाता ईशानने मला वाकून नमस्कार केला. माझ्या हाताने आशीर्वाद दिला. मी दिला नाही.

कडेचे काही वाफे मोकळेच राहिले. त्यांत तिने पुढे मेथी फेकली. रस्त्याने जाणारा येणारा विचारी, “सिंधूबाय, कांद्याला मेथीची किनार कशापायी?” ती म्हणे, “पुण्याची फॅशन हाय.”

खरे नुकसान त्या वाफ्यांचे नव्हते. पुढच्या आठवड्यात सावड तिच्या दारावरून गेली आणि तिला हाक आली नाही; पोरांसाठी तिने आपला दिवस परतवला, हे बायांना लागले होते. सावड मोडायची तर भांडण लागत नाही. फक्त हाक मारत नाहीत. आणि ज्या बाईला हाक येत नाही, तिने खुरपणीला, काढणीला, पुढच्या लागवडीला कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? नवरा आला तेव्हा म्हणाला, “मंग इकून टाकू वावर. न्हाई तरी तुला एकटीला झेपत न्हाई.” तो चिडून बोलला असेल. पण वावर विकण्याचा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तो त्या दीड तासामुळे.

त्यानंतरच्या रविवारी एस.टी.ने नारायणगावपर्यंत आणि तिथून जीपने काजल आली. शिबिरातून निघताना तिने सिंधूबाईला सावडीचे सगळे विचारून घेतले होते, आणि हाक न आल्याचे तिला फोनवर कळले होते. माझ्या घरी पाणी प्यायली आणि म्हणाली, “द्वारकाबाईंचं वावर कुठलं, आबा?”

तिथे काय झाले ते मी बांधावरून ऐकले. द्वारकाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

“फोटू काढायचाय का?”

“न्हाई. लावायला आलेय.”

“कुनाच्या नावावर?”

“सिंधूमावशींच्या. त्यांचा दिवस धरा.”

“ती का न्हाई आली?”

“हाक न्हाई आली त्यांना.”

बाया थांबल्या. द्वारकाबाई म्हणाली, “तोंडाची बरी हायेस. तुजं वावर कुठंय?”

“आंबेगावला. धरणात.”

 द्वारकाबाई म्हणाली, “मंग तुला पानी द्यायची कटकट न्हाई.” सगळ्यांत आधी काजल हसली. तिला ओळीत जागा झाली.

आणखी काही रविवार ती आली. कोणाची लागवड, कोणाची खुरपणी. दर वेळी दिवस सिंधूबाईच्या नावावर धरला गेला. सिंधूबाई स्वतःही बिनहाकेची जाऊ लागली. एका दिवसाच्या जागी दोन देऊ लागली. चैत्रात कधी तरी द्वारकाबाईने बांधावरून आवाज दिला, “सिंधे, उद्या माज्याकडं.” एवढेच. मी ओसरीवर होतो. सिंधूबाई हातातले भांडे घेऊन तशीच उभी राहिली आणि मग आत गेली.

इकडे गटाने काजलचे प्रमाणपत्र अडवले. शिबिरातली दोन सत्रे तिने सोडली, म्हणून सहभाग अपूर्ण. तिने हे मला तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मी विचारले म्हणून सांगितले. मी ईशानला फोन केला.

“सर, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण नियम सगळ्यांना सारखे हवेत.”

“ज्या सत्राचा विषय ‘समाजाला काय परत देतो’ असा होता, त्यातून ती उठली, म्हणून?”

“उपस्थिती त्या सत्राचीच मोजतात, सर.”

मी फोन ठेवला. नियम सारखे हवेत, हे मलाही मान्य आहे. पण नियम सारखा आणि शब्द मात्र कुणाला दिलेला पाळायचा आणि कुणाला दिलेला नाही, हे सोयीने, हे कसले आखणे? पाळी तोंडाच्या माणसाने मोडायची आणि शेपटाच्याने सोसायची, असा कालवा असता तर मी त्याची दारे उपटून टाकली असती. त्या मुलांना दोन दिवसांत खूप काही शिकवले गेले. एकमेकांचे ऐकावे कसे, मत मांडावे कसे, थकवा ओळखावा कसा. त्यांना एकच गोष्ट कोणी शिकवली नाही: चिखलात बसलेल्या माणसाला उठताना विचारून उठावे. ही गोष्ट एकीला येत होती, आणि तिलाच अपूर्ण ठरवले.

काल सिंधूबाईची पाळी होती. वर्षभराने सावड प्रथमच तिच्या वावरात येणार होती. मी फिरणे सोडून तिच्या बांधावर गेलो. धुके होते. मोटर सुरू होती, पहिले वाफे भिजले होते. सिंधूबाई रोपाच्या कडेला उकिडवी बसली होती आणि तिचे हात रोपावर नुसते ठेवलेले होते.

“उपटत का नाहीस?” मी विचारले.

“बाया दिसू द्या आधी, आबा.”

“येतील. ठरले आहे ना?”

“ठरलं तर तवाबी व्हतं.” तिने माझ्याकडे पाहिले नाही. “येकदा उपटलं की उपटलं.”

 ऊस सळसळत होता. रस्त्यावरून क्रेटनी भरलेली पिकअप गेली. पाणी दुसऱ्या वाफ्यात उतरले, तिसऱ्यात गेले. मला कालव्यावरच्या अनेक सकाळी आठवल्या. दार उघडलेले आहे, पाणी निघाले आहे, आणि शेपटाचा माणूस आपल्या कोरड्या चारीत डोळे लावून बसला आहे. त्याला सांगून उपयोग नसतो. त्याला पाणी दिसावे लागते.

आधी आवाज आला.

“का गं सिंधे, पुण्याची पावनी न्हाई आली का यंदा?”

“न्हाई,” सिंधूबाई ओरडली. “यंदा गावठीच चालवून घ्यावं म्हनलं!”

“आमच्या हाताला फोटू-बिटू न्हाई मिळनार हां!”

धुक्यातून एकेक पदर दिसू लागला. द्वारकाबाई पुढे, बाकीच्या मागे. सिंधूबाईने खाली मान घातली आणि दोन्ही हातांनी रोप उपटायला सुरुवात केली. इतक्या झपाट्याने की माती माझ्या पायजम्यावर उडाली. मी मागे सरकलो नाही.

दुपारच्या भाकरीपर्यंत वावर बरेचसे हिरवे झाले होते. कडेचे वाफेही. बांधावर बसून जेवताना द्वारकाबाईने मला विचारले, “आबा, ती धरनातली पोरगी कुठं असती आता?”

“चाकणला नोकरीला लागली.”

“तिचं दिस राह्यलंत आमच्यावर.”

“ते सिंधूबाईच्या नावावर धरले होते ना?”

“सिंधीनं तिचं तिनं फेडलं. जास्तीच फेडलं. पोरीचं दिस पोरीचं. आसं कुनाचं ठिवून न्हाई चालत.”

“तिला वावर कुठे आहे?”

“हाय की! उन्हाळ्यात उघडं पडतंय म्हनली व्हती.” द्वारकाबाईने भाकरीचा तुकडा मोडला. “गाळात मिरची लई झ्याक येती. तिच्या म्हाताऱ्याला म्हनावं, रोप टाकून ठिवा. आमी जीप करून येतो. येताना भीमाशंकर बी व्हईल.”

“व्हईल की,” सिंधूबाई म्हणाली. “पन आधी लावनी. देव काय पळून जात न्हाई.”

संध्याकाळी मी दोन निरोप लिहिले. ईशानला लिहिले की दीड तास पुरणार नाही. घर यंदा मिळणार नाही. आणि त्या मुलीचे प्रमाणपत्र अजून तुमच्याकडे असेल तर ते तुमच्या पार्किंग लॉटवर चिकटवून ठेवा. एवढे लिहूनही राग कमी झाला नाही. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसरा निरोप काजलला. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटले की धरण किती उतरते आणि आंबेगावची जमीन केव्हा उघडी पडते, हे मला कोणाला विचारावे लागत नाही. मी तिला लिहिले: “चैत्राच्या अखेरीस पाणी हटेल. बाया येणार आहेत. आजोबांना सांग, रोप निर्धास्त उपटा.”